पाणी कुठं घालता?

...आणि वर त्यो मलाच विचारतोय, "सर, पाणी कुठं घालता?" आता मला सांगा, माणसानं करायचं तरी काय? गाडी उभी पेट्रोल पंपावर, मी उभा उन्हात, आणि त्यो पंपावरचा गडी नळी हातात धरून गाडीच्या पुढनं बघतोय, मागनं बघतोय, वाकून खाली बघतोय, आणि एकदम वरडतोय, "सर, रेडिएटर चोरीला गेलाय की ओ तुमचा!" म्हणलो, "चोरीला न्हाय गेला रं बाबा, नव्हताच कधी! ही गाडी हवेवर थंड हुतीया, हवेवर!" तर त्यो हसला. म्हणाला, "हवेवर? मग पेट्रोल तरी कशाला घालता?" हसा, हसा, तुम्ही बी हसा! पण तुम्हास्नी सांगतो, शिसारी आलीय मला. त्या गाडीची, त्या प्रश्नाची, आणि माझ्या मेव्हण्याची... त्याची तर पयल्यांदा!

मी कोण? मी नागेंद्र. कंग्राळीचा. बेळगावात हायस्कुलात शास्त्र शिकवतो. उष्णता एका जाग्यावरनं दुसऱ्या जाग्याला कशी जाती, हे सांगण्यात निम्मा जन्म गेला माझा. वर्गात कपबशी नेऊन, फुंकर मारून, चहा गार करून दाखवलाय पोरास्नी. पोरास्नी पटलं. पण फुंकर मारून इंजिन गार हुतंय, हे मला माझ्या बायकोला पटवता आलेलं न्हाय! बायको म्हणजे रचना. लग्नाला इतकी वर्सं झाली, अजून गाडीत बसली की पायाशी पाण्याची बाटली घेऊन बसती. म्हणलो, "तहान लागतीया काय गं?" तर म्हणती, "मला न्हाय. हिला लागली तर?"

गाडी आमच्या आप्पाची. जुनी बीटल. पाठ गोल, डोळे गोल, इंजिन मागं, सामान पुढं. आप्पा म्हणजे माझे वडील, रवळू आप्पा. कॅम्पातल्या एका डॉक्टरांच्याकडं ड्रायव्हर हुते. डॉक्टर गाव सोडून गेले तवा गाडी आप्पास्नी देऊन गेले. तवापासनं दर दसऱ्याला आप्पा त्या गाडीतनं निपाणीला जातात. कुणाकडं? थोरल्या बहिणीकडं. अक्काताई, माझी आत्ती. आप्पा आपट्याचं सोनं घेऊन जाणार, आत्ती दारात तांब्या घेऊन उभी ऱ्हाणार, आदी गाडीच्या चाकावर पाणी घालणार, मग भावाच्या पायावर, मग ओवाळणार. चाकाचा मान पयला! का? म्हणती, "भावाला आणलं कुणी? चाकानं."

तर दोन दसरे चुकले, बघा. गाडी बंद पडलेली आणि आप्पा आजारी. आप्पा बरे झाले, पण गाडी काय बरी हुईना. म्हणलो, "आप्पा, भाड्याची गाडी करूया की!" आप्पा पेटले. "दुसऱ्याच्या गाडीतनं सोनं द्यायला मी काय कुरियर हाय? आक्का ह्या गाडीचा आवाज वळखती. तिला आता दिसत न्हाय धड. आवाजावर दार उघडती ती." आता दोघंबी ऐंशीच्या फुडं गेलेली. अजून किती दसरे धरायचे हातात? तुम्हीच सांगा. म्हणून म्हणलो, ह्या दसऱ्याला गाडी चालू करायची. नुस्ती चालू. बास. लई मोठं मागणं हुतं काय ओ माझं?

तितक्यात हे रत्न आलं. समर्थ! रचनाचा एकुलता एक भाऊ. उद्यमबागेत वर्कशॉपात हाय, हातात कला हाय, न्हाय म्हणत न्हाय मी. पण डोस्क्यात रील भरल्यात! गाडीभवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणतो, "दाजी, हिचा लुकच बदलून टाकूया. स्टान्स आणूया हिला, स्टान्स!"

म्हणलो, "स्टान्स म्हणजे?"

"म्हणजे गाडी कशी उभी ऱ्हाती, ते."

"आरं, चार चाकांवर उभी ऱ्हाती! आणि कशी ऱ्हाणार?"

"तुम्हास्नी न्हाय कळायचं दाजी. सोडा माझ्यावर."

सोडा माझ्यावर! मेव्हण्यानं हे दोन शब्द म्हणले की माणसानं गाडी विहिरीत ढकलावी आणि मोकळं व्हावं. पण बायको उभी की तिथं, पदर खोचून! "माझ्या भावाचं कवा काय चांगलं दिसलंय तुम्हास्नी?" सोडलं त्याच्यावर.

पयलं चाकांवर आला त्यो. जुनी चाकं बारीक, उंच, मधोमध चकाकणारी वाटी. असली चकचकीत वाटी की आमची आई, गुणाबाई, घाईत असली की त्या वाटीत बघून कुंकू लावायची. खोटं न्हाय! ती चाकं गेली. त्या जागी आली रुंद, काळी, बिनवाटीची... आणि टायर म्हणजे रबराची नुस्ती किनार! आई कुंकवाचा करंडा घेऊन भाईर आली, चाकाजवळ बसली, उठली, आत गेली. पण तिचा चेहरा बघून मला भाकरी गेली न्हाय त्या दिवशी.

मग सस्पेन्शन! आता ह्या गाडीला साध्या स्प्रिंगा नसतात. पुढं दोन आडव्या नळ्या, त्यात पोलादाच्या पट्ट्या, त्या पिळवटतात आणि धक्का खातात. तर समर्थनं काय केलं? नळी मधनं कापली! कापली म्हणजे अशी करवतीनं, खरकन्! आणि पीळ फिरवून परत वेल्डिंग मारलं. म्हणतो, "आता बघा दाजी, कशी बसतीया!" बसली! गाडी जी खाली बसली ती उठंचना. चाकं निम्मी मडगार्डात गेली. बाजूनं बघितलं तर गाडीला चाकं हाईत का न्हाईत, कळंना. पोट आणि जमीन ह्यात इतकंच अंतर ऱ्हायलं की आमचं मांजर, जे जन्मापासनं त्या गाडीखाली झोपतंय, ते आलं, डोकं घालून बघितलं, माझ्याकडं बघितलं... आणि शेजाऱ्याकडं ऱ्हायाला गेलं. अजून परत आलेलं न्हाय. किळस आली असणार बिचाऱ्याला.

आणि इंजिन! काय सांगू तुम्हास्नी... चार सिलिंडर, दोन हिकडं तोंड करून, दोन तिकडं. नुस्ती तेलगळती काढायची हुती. पण न्हाय! मोठे सिलिंडर घातले, मोठे पिस्टन घातले, एका कार्बोरेटरच्या जागी दोन घातले. इथवर म्हणलो, असू दे. पण इंजिनाभवती पत्रे असतात बघा, काळे, वेडेवाकडे. ते दिसायला बरे नसतात, कबूल. पण पंख्याची हवा त्या पत्र्यातनंच सिलिंडरवर जाती! ते पत्रे ह्यानं काढून भंगारात घातले. का? तर म्हणं, "आतलं सगळं कसं खुलून दिसायला पायजे!" मी हात जोडले. म्हणलो, "आरं समर्था, पत्रे काढलास तर हवा जाणार कुठनं सिलिंडरवर?"

तर म्हणतो, "दाजी, हवा काय... सगळीकडंच असती की!"

शास्त्राचा मास्तर मी. आणि हवेचा धडा हा मला शिकवायला! आणि रचना मागनं म्हणती, "मी तवापासनं तेच विचारतीया, पाणी कुठं घालायचं ते एकदा दोघं मिळून ठरवा आणि मोकळं व्हा."

मग आली खंडेनवमी. गाडीची पूजा. आमच्याकडं चाकाखाली लिंबं ठेवायची, गाडी पुढं घेऊन ती चेपायची, आणि पुढ्यात कोहळा फोडायचा. ही रीत. आता लिंबू ठेवायचं तर चाक दिसाय पायजे! आई अंगणात पालथी पडली. ह्या वयात! कान भुईला लावून, हात लांब करून लिंबू सारतीया आत, आणि मला म्हणती, "नागेंद्रा, चाक लागलं की सांग रं!" मी काय सांगू? मला लाज वाटायलीय. कशीबशी लिंबं गेली. कोहळ्यात कुंकू भरलं, ओवाळला, आणि आईनं त्यो दाणकन् आपटला. दोन फाकी झाल्या. आता फाकी बाजूला सारायच्या, मग गाडी काढायची, हे शेंबड्या पोराला बी कळतंय. पण हे रत्न आदीच आत बसून स्टार्टर मारून तयार! "गणपती बाप्पा मोरया!" म्हणला आणि घेतली की पुढं!

लिंबं फुटली. आणि गाडी कोहळ्यावर चढून बसली! पुढं जाईना, मागं जाईना. मागची चाकं गरागरा फिरायलीत, आणि पोटाखाली कोहळा... पिचपिच, पिचपिच! बिया उडून माझ्या नव्या धोतरावर. गल्ली गोळा झाली. चौघांनी धरून उचलली तवा सुटली. आणि त्यातला एक शेजारी कुंकवानं लाल झालेला हात पुसत इचारतोय काय? "सर, ते जाऊ द्या... पाणी कुठं घालता हिच्यात?"

गाडी धुतली म्हणला समर्थ. वरनं धुतली. खाली हात जाईल तर धुणार! निम्मा कोहळा सायलेन्सरला चिकटून ऱ्हायला, आणि कुणाला कळलंच न्हाय.

दसऱ्या दिवशी दुपारी निघालो. आप्पा नवा फेटा बांधून, पिशवीत सोनं घेऊन तयार. आता पुढच्या दोन्ही जुन्या सीटा काढून समर्थनं रेसच्या गाडीच्या सीटा घातलेल्या. खोल, परातीगत. आप्पास्नी आत बसवलं न्हाय ओ, ओतलं! आप्पा आत गेले आणि भाईर नुस्ता फेटा दिसायला. म्हणाले, "नागेंद्रा, मला रस्ता दिसंना." म्हणलो, "आप्पा, रस्ता ऱ्हाऊ दे, मला तुम्ही दिसंना!" स्टेअरिंगला मी, मागं रचना आणि समर्थ. रचनाच्या पायाशी पाण्याची बाटली. हाय तशीच.

काकती गाव गेलं न्हाय तवर वास सुरू. ह्या गाडीत थंडीसाठी इंजिनाची गरम हवा आत घ्यायची सोय असती, आणि ती झडप उघडीच ऱ्हायलेली. सायलेन्सर तापला, कोहळा शिजला, आणि त्याची वाफ थेट आत! कोहळा, लिंबू, कुंकू आणि जळकं तेल... तुम्ही जेवून आला असाल तर माफ करा, पण असला वास मी शाळंच्या प्रयोगशाळेत बी घेतला नव्हता. आप्पा फेट्याचं टोक नाकाला लावून बसलेले. म्हणलो, "आप्पा, माघारी फिरूया काय?" फेट्यातनं आवाज आला, "आक्का दारात उभी असंल." झालं. फिरायचं नाव काढलं न्हाय मी परत.

टोलनाक्यावर पोलिसानं हात केला. गाडीला वळसा घातला, मागं इंजिन बघितलं, पुढं डिकी बघितली, आणि नाक दाबून इचारतोय, "मास्तर, नीरु एल्लि हाक्तीरी?" कानडीत पण तोच प्रश्न! म्हणलो, "नीरु इल्ला सर, गाळी, बरी गाळी!" नुस्ती हवा! त्यानं माझ्याकडं असं बघितलं की आता माझ्याच तोंडाचा वास घेतोय काय... घेतला! घेऊन सोडला.

संकेश्वरात स्पीडब्रेकर. एकेका स्पीडब्रेकरला आप्पा सोडून सगळे खाली उतरणार, मी परत बसून गाडी तिरकी घेणार, खर्रर्र, परत सगळे आत. लोक थांबून बघायलेत. त्यास्नी वाटलं, दसऱ्याचं सोंग आलंय.

आणि तवंदीचा घाट! चढ लागला, इंजिन तापलं. तापणारच! पत्रे कुठं हाईत? भंगारात! निम्म्या घाटात गाडी गचकन् थांबली. मागनं धूर. थांबले की ट्रकवाले, गाडीवाले, पाच-पंचवीस माणसं गोळा, आणि सगळी एका सुरात... व्हय, तेच! एक ट्रकवाला तर हातात कॅन घेऊनच उतरला, "अरे मास्टर, पानी किधर डालते?" मी गाडीला पाठ लावून उभा. म्हणलो, "कुणी बी पाणी घालायचं न्हाय! तापलेल्या लोखंडावर पाणी पडलं तर तडकंल! नुस्तं उभं करा, वाऱ्यावर गार हुईल आपोआप!" आणि मी वर्ग घेतला. खोटं न्हाय! घाटात उभा ऱ्हाऊन उष्णतेचा आख्खा धडा शिकवला. लोक ऐकायलेत, मला वाटलं, पटलं! तितक्यात माझी नजर चुकवून, मागनं, माझ्याच बायकोनं... बाटली वतली! इंजिनावर! च्यॅंऽऽऽ करून वाफ!

तडकलं न्हाय. तवर वाऱ्यानं निम्मं गार झालंच हुतं म्हणून तडकलं न्हाय! पण हे ऐकतोय कोण? समर्थनं स्टार्टर मारला आणि गाडी चालू! सगळा घाट टाळ्या वाजवायला. "बघा, पाणीच पायजे हुतं!" ट्रकवाल्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, कीव आल्यागत. आणि रचना रिकामी बाटली हातात घेऊन अशी बघायलीय माझ्याकडं की नोबेल हिलाच मिळायचं ह्या वर्सी. सांगतो तुम्हास्नी, तिथं माझं शास्त्र मेलं. त्या घाटात.

निपाणीत शिरलो तवा ऊन कललं हुतं. आत्तीच्या गल्लीत आलो. आणि आप्पा एकदम म्हणाले, "आवाज." मला पयल्यांदा कळंना. "नागेंद्रा, आवाज न्हाय रं हा. आक्का कशी वळखणार?" खरंच की! मोठं इंजिन, नवा सायलेन्सर... जुना टकटक टकटक कुठं, आणि हा डरकाळ्या फोडतोय! गाडी दारात थांबली, आणि दार बंद. आप्पांचा चेहरा बघितला मी. तुम्हास्नी सांगतो, तवा मात्र मला शिसारी न्हाय आली. रडू आलं. दोन वर्सं थांबला माणूस, आणि ह्या पोराच्या रीलपायी...

मी उतरलो, दार वाजवणार, तवर दार आतनंच उघडलं. आत्ती! हातात तांब्या. म्हणती, "रवळू आला काय?" मी हबकलो. "आत्ती, कसं वळखलंस? आवाज तर..." आत्ती म्हणती, "कसला आवाज? वास आला. कोहळा जळल्याचा. आमच्या घराण्यात दर खंडेनवमीला कोण तरी कोहळ्यावर गाडी घालतंयच. आमच्या बाच्या बैलगाडीपासनं चाललंय."

बोला आता!

तर आत्ती तांब्या घेऊन आली, पाणी घालायचं म्हणून वाकली, आणि गाडीच्या अंगावरनं हात फिरवायली. हिकडं चाचपती, तिकडं चाचपती. चाकच सापडंना. म्हणती, "नागेंद्रा, चाकं काढून ठेवलीस व्हय रं? मी पाणी कुठं घालू?" समर्थ दात काढतोय. मी तिचा हात धरून मडगार्डाखाली नेला, तवा निम्मं चाक हाताला लागलं. घातलं पाणी.

आता आप्पास्नी भाईर काढायचं. मी वढतोय, समर्थ ढकलतोय, आत्तीची सून नीलम काखेत हात घालतीया... आप्पा निघंनात! गुडघे आखडलेले, सीट खोल. तीनदा झटलो. तिसऱ्यांदा आप्पा वरडले, "सोडा रं! हाडं मोडशीला!" आणि घाम पुसत मागं टेकले. बहीण भाईर उभी, भाऊ आत. मधी दार. एवढ्या लांब येऊन!

आत्ती म्हणाली, "त्यो येत न्हाय भाईर तर मी जाती आत." आणि वळसा घालून आली, आणि बसली की! ड्रायव्हरच्या सीटवर! सीटवर म्हणजे... ती बी वतलीच आम्ही. आता ही आत्ती जन्मात त्या गाडीत बसलेली न्हाय. आप्पा दर दसऱ्याला म्हणायचे, "आक्का, बस, एक चक्कर मारूया." आणि ती म्हणायची, "सैपाक कोण करंल? तुझा डाक्टर?" ती आता स्टेअरिंग धरून बसली. आप्पांनी पिशवीतनं सोनं काढलं, तिच्या हातात दिलं. म्हणाले, "आक्का, सोन्यासारखी ऱ्हा." तिनं ते कपाळाला लावलं, आणि दुसऱ्या हातानं हॉर्न वाजवून बघितला. आणि दोघं हसायला लागली. पोट धरून! ऐंशीच्या फुडची दोन माणसं, त्या घाणेऱ्या वासात, त्या परातीत अडकून... हसायलीत. नीलमनं ताटं केली, खिडकीतनं आत दिली. पुरणपोळी, कडाकण्या. ती दोघं गाडीत बसून जेवली. आम्ही भाईर उभ्यानं.

मी ठरवलं हुतं बघा. घरी गेलो की पयली जुनी चाकं, मग जुनी सीट, पत्रे भंगारवाल्याकडनं हुडकून आणायचे, सगळं हुतं तसं करायचं. तसं बोललो बी. तर आप्पा खिडकीतनं बोट दाखवून म्हणतात, "ह्यातलं काय एक हलवायचं न्हाय. पुढल्या दसऱ्याला अशीच आणायची." समर्थ माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, "बघितलासा दाजी? कम्फर्ट!"

दिवे लागले, गल्ली गोळा झालेली, सगळी माझ्याकडं बघायलीत. आणि आतनं, कडाकणी मोडत, आत्ती इचारती, "व्हय रं नागेंद्रा, शिकलेला हाईस म्हणून इचारती... ह्येच्यात पाणी कुठं घालतोस?"

मी आप्पांच्याकडं बघितलं. बायकोकडं बघितलं. रिकाम्या बाटलीकडं बघितलं. म्हणलो, "सीटखाली, आत्ती. रोज सकाळी. गाळून घालतो."